हरणीच्या गळ्यातलं नवं दावं

डोंगराला वणवा लागला आणि पठारावरची वस्ती दुपारच्या दुपारी राख झाली. माणसं वाचली आणि थोडीफार जनावरं, एवढंच. लंकाबाईनं पेटत्या गोठ्यात शिरून विळ्यानं हरणीचं दावं कापलं, तिच्या पाठीत रट्टा हाणला, "पळ गं बाई!" हरणी धुरात पळाली ती पळालीच. पहिलटकरीण गाय, पोट हे एवढं मोठं झालेलं.

आमची माणसं चेष्टेला कुठंही जागा करतात. "नावच लंका, मग जळंल न्हाई तर काय व्हईल!" असं कुणीतरी बोललंच. लंकाबाई हसली नाही. घर पुन्हा शाकारता येतं. खालच्या गावांतून भाकरीच्या दुरड्या येत होत्या, उपाशी कुणी निजत नव्हतं. पण हरणीला तिनं कालवड असल्यापासून आपल्या ताटातली भाकर घालून वाढवलं होतं. वर्ष दुष्काळाचं, घरादाराची सगळी आशा तिच्या पोटात होती. नवरा गहिनीनाथ म्हणाला, "गेली समज." तिनं काही तसं समजून घेतलं नाही.

मग पारनेरच्या बाजाराहून येणाऱ्या एकानं सांगितलं, खालच्या ख्रिस्ती वाडीत, गिदोनच्या गोठ्यात, शेपटीचे केस जळालेली गाय बांधलीय. लंकाबाई तशीच अनवाणी डोंगर उतरली.

हरणीच होती. पण तिच्या गळ्यात नवं कोरं दावं! आपल्याकडं गाय विकली तरी दावं देत नाहीत. जुना मालक आपलं सोडून घेतो, नवा आपलं बांधतो. नवं दावं म्हणजे मालक बदलला.

"कुनाच्या गाईला दावं बांधलंस गं?" ती गरजली.

गिदोनची बायको रेबेका शेणाच्या हातांनी बाहेर आली. "तुमची व्हय? बरं झालं आलात. लई वाट बघितली."

"मग सोड तिला."

"न्हाई सोडत."

लंकाबाईनं पदर खोचला. "का गं? बेवारशी हाय व्हय?"

"वर नेऊन घालनार काय तिला? राख? आज-उद्या व्यायची ती. हितं वैरन हाय, हीर हाय. व्याली की माय-लेकरं दोगं घिऊन जावा. तुटकं दावं मानंत रुतलं हुतं, म्हनून काढलं. तेल लावलंय."

लंकाबाईनं हरणीच्या मानेवर हात ठेवला. जखम खरंच होती, तेलानं मऊ झालेली. वणव्यात न आलेलं रडू तिला आता आलं. चांगली हंबरडा फोडून रडली, आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला हलकं हलकं झालं.

डोळे पुसताना तिला मागची कडब्याची गंज दिसली. कंबरेएवढीही नव्हती. "अगं, ही तर तुज्या बैलांनाच पुरायची न्हाई."

"न पुरली तर तवा दोगी मिळून रडू. आज कशाला? वस्तीवरची बाकीची जनावरं बी धाडून द्या. वाडीनं घरटी एक-एक वाटून घ्यायचं ठरवलंय."

वस्तीवरची माणसं त्या वाडीत पाणी पीत नसत. रेबेकानं तांब्या आणला, पण पुढं करावा की नाही म्हणून थबकली. लंकाबाईनं तो तिच्या हातातून घेतला आणि घटाघटा प्याली. तहान लागली होती, दुसरं काय!

दिवस कलताना ती वर पोचली तेव्हा सगळी वस्ती जमली. गहिनीनाथनं तिच्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"घावली न्हाई?"

"घावली."

"मग आनली का न्हाई?"

लंकाबाईनं ऐसपैस मांडी घातली, पदरानं वारा घेतला.

"पहिलटकरीन हाय," ती म्हणाली. "बाळंतपनाला माहेरी ठिवली."