पंपाचं गंगास्नान

हे लिहिणारच नव्हतो. घरातल्यांचं हसं कशाला करायचं. पण प्रसन्न म्हणाला, लिही, नाहीतर विसरशील. प्रसन्न माझा दोस्त, गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानात बसतो.

मला दमा आहे आणि बाबा भटजी आहेत. देवाचं प्लॅनिंग बघा. काशीत पंचगंगा घाटाच्या वर आमचं घर. घरी होम असला की बाबांच्या शेजारी बसून आहुत्या मी टाकायच्या. पुण्य यजमानांचं, धूर माझा.

अडचण एकच. दम्याचा पंप तोंडाला लागतो, म्हणजे उष्टा. सोवळ्यात उष्टं चालत नाही. म्हणून होम संपेपर्यंत माझा श्वास बाहेर चपलांपाशी ठेवलेला असायचा.

परवा बाबांना दया आली. "घे जवळ. शुद्ध केलाय," म्हणाले.

कसा, ते मी विचारलंच नाही.

होम सुरू झाला. गोवऱ्या ओल्या. दहा मिनिटांत छाती आवळली, आत शिट्टी वाजायला लागली. कमरेचा पंप काढून दाबला. जिभेवर पाण्याचा एक थेंब आला. औषध नाही.

"बाबा, काय केलंत?"

"गंगेत तीन बुडक्या दिल्या. डबीसकट, नीट."

पंपाला मोक्ष मिळाला होता. माझीही सोय होती, मणिकर्णिकेचं स्मशान काय, चालत दहा मिनिटं.

नशीब, प्रसन्न जेवायला आला होता. माझं तोंड बघून दुकानात पळाला, नवा पंप घेऊन चपलांसकट आत घुसला आणि मला ओढत गच्चीवर घेऊन गेला. एकेक करून फवारे दिले.

"सोवळं मोडलं," यजमान खालून म्हणाले.

"काका, सोवळं आंघोळीने परत येतं. हा नाही येणार."

बाबा जिन्यात उभे होते. हातात तुपाची पळी तशीच. स्वाहा म्हणायचं राहून गेलं, तीस वर्षांत पहिल्यांदा.

श्वास आल्यावर प्रसन्नने मला धारेवर धरलं. "तो दुसरा, रोज घ्यायचा पंप कधीपासून बंद?"

"दिवाळीपासून. बरं वाटत होतं."

"पागल, बरं त्याच्यामुळेच वाटत होतं ना. आणि बोल गंगेला लावतोस."

बाबांनी फक्त पंप बुडवला होता. बाकीचं काम माझं.

तर प्रसन्न, लिहून देतो. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ घेईन, बरं वाटलं तरी, आणि औषध तोंडात राहू नये म्हणून वर चूळ भरेन. धाप लागल्यावरचा कमरेला राहील, सोवळ्यातसुद्धा. उष्टा आणि कोरडा.