खंडूचा नैवेद्य

मी जन्माने लासलगावचा. कांद्याला विष म्हणायची पाळी माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी वेड्यात काढलं असतं. पण जनावरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "रंगनाथराव, कांद्यानं याचं रक्त कमी झालंय. पुन्हा द्याल तर कुत्रा हातचा जाईल."

कुत्रा म्हणजे आमचा खंडू. नाव सिंधूनं ठेवलेलं. सिंधू माझी बायको, तिला जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. एसटीत तीस वर्षं गाडी हाकली, जिभेला ब्रेक काही लागला नाही. त्यामुळे नाशिकरोडच्या आमच्या गल्लीत माझ्याशी बोलायला कुणी थांबत नाही. खोटं कशाला सांगू?

फक्त चंपाषष्ठीला शेजारी यायचे. त्या दिवशी खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा, आणि नैवेद्याचा घास कुत्र्याला. गल्लीत पाळलेला कुत्रा एकच. पाच घरच्या बायका ताटं घेऊन फाटकातून यायच्या, खंडूच्या कपाळाला भंडारा लावायच्या, "काय भाऊजी, बरं आहे ना?" म्हणायच्या. मी चहा टाकायचो. वर्षभराचं बोलणं त्या अर्ध्या तासात उरकून घ्यायचो. भरितात कांद्याची पात मात्र मूठ मूठ.

गेल्या सणानंतर चौथ्या दिवशी खंडू उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक. महिनाभर औषधं झाली. मग डॉक्टर म्हणाले, "लाड करायचेत ना? उकडलेलं गाजर द्या, लाल भोपळा द्या, बिनमिठाचा भाकरीचा तुकडा द्या." पहिलं गाजर या पठ्ठ्यानं नेऊन माझ्या चपलेखाली लपवलं होतं. आता गाजर सोलायला घेतलं की शेपूट थांबत नाही.

यंदा कुंभमेळा उरकला आणि चंपाषष्ठी जवळ आली. बायकांना गोडीत सांगायचं ठरवलं. "ताई, नैवेद्य देवाला दाखवा, खंडूला माझ्याकडचं गाजर भरवा, आणि चहाला थांबा." आरशापुढे चार वेळा म्हणून पाहिलं. गाजरं उकडली, बिनमिठाचे छोटे रोडगे भाजले, दूध जास्तीचं आणलं.

पहिल्या आल्या समोरच्या अंबूबाई. मी तोंड उघडतोय तोवर त्या म्हणाल्या, "अहो, देवाच्या घासानं कधी कुणाचं वाईट झालंय का?" आणि घास खंडूच्या तोंडाशी नेला. झालं! माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या हाताला हिसडा दिला, ताट खाली पडलं आणि मी ओरडलो, "मारायचंय का त्याला? उकिरड्यावर टाका तुमचा नैवेद्य!"

अंबूबाईंनी भंडारा सावडून पदरात घेतला. रिकामं ताट उचललं आणि घरी गेल्या. कोपऱ्यावरून येणाऱ्या चिमणाबाई, बयाबाई आणि बाकीच्या दोघी तिथूनच माघारी फिरल्या. मी सांडलेलं भरीत धुऊन काढलं. सण नासवला होता मी, आणि कांद्याला काय बोल लावायचा!

खंडू दुपारपर्यंत फाटकाशी बसून राहिला. प्रत्येक पावलाला कान टवकारायचा, पुन्हा पाडायचा. त्याला काय कळणार, कोण का आलं नाही ते! मला बघवेना.

मग मी ताट घेऊन गल्लीत गेलो. फाटक लावलं, कडी वाजवली, आत आलो. "काय भाऊजी, बरं आहे ना?" मीच म्हणालो. खंडूच्या कपाळाला भंडारा लावला, गाजर भरवलं. तो असा नाचला! पुन्हा बाहेर गेलो, पुन्हा आलो. पाच घरांचे पाच नैवेद्य. अंबूबाई त्यांच्या दारातून बघत होत्या. बघू देत.

खंडू तरी फाटकापासून हलेना, घराच्या दाराकडे बघत राहिला. पाच झाले तरी त्याला अजून एक हवा होता. सिंधूचा. ती फाटकातून येत नसे, स्वयंपाकघरातून यायची, पदराला हात पुसत, सगळ्यांच्या शेवटी.

मी शेवटचा रोडगा घेतला आणि तिच्या ओट्यापाशी गेलो. तिथून मात्र बाहेर येववेना. ओट्याला धरून हमसून हमसून रडलो. बऱ्याच वेळानं पायाला ओलं नाक लागलं. खंडूच आत आला होता.