निळीची वेळ

गोडलीव्ह चपला न घालता नुसत्या मोज्यांवर अंगणात आली, तेव्हाच आशिलला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. शर्यतीच्या रविवारी पहिलं कबुतर ढाबळीत शिरेपर्यंत तिने अंगणात पाऊल टाकायचं नाही, हा त्या घरचा लग्नापासूनचा कायदा. केलेला आशिलने, पाळायचा तिने. पण तो खुर्चीत मान मागे टाकून दक्षिणेकडच्या आभाळात असा गुंतला होता, की ती कानाशी वाकली तरी त्याने नजर खाली आणली नाही.

"आत जा," तो पुटपुटला. "येतीलच आता."

"कॉम्प्युटर आपोआप बंद झालाय."

"मग चालू कर."

"परत चालूच होतोय तो. गोल गोल फिरतंय काहीतरी. खाली लिहिलंय, अपडेट चाललंय, बंद करू नका."

आशिलची मान खाली आली. तो उठला, नव्या खुब्याला सांभाळत पण शक्य तितक्या घाईने स्वयंपाकघरात गेला, आणि टेबलापाशी जाऊन उभा राहिला. पडद्यावर अकरा टक्के होते. त्याने एक बटण दाबलं, मग दुसरं, मग सगळ्या बोटांनी जी हाताला लागली ती. अकराचे बारा झाले, तेही स्वतःच्या मर्जीने.

गावात बाकी सगळ्यांकडे कबुतर मंडळाने दिलेली तयार घड्याळं होती. आशिलचा जन्म लिननच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला. त्याला तयार वस्तू म्हणजे कमीपणा वाटे. ढाबळीच्या तोंडाशी, जिथे कबुतर उतरतं त्या फळीवर त्याने एक पट्टी बसवली होती. फ्रान्समधून सोडलेलं पाखरू फळीवर उतरलं की पट्टी त्याच्या पायातलं कडं ओळखायची आणि तारेवाटे या कॉम्प्युटरला सांगायची. कॉम्प्युटर वेळ टिपायचा आणि मंडळाला कळवायचा. सगळं गाव ते बघून गेलं होतं, आणि आशिलने सगळ्या गावाला ते दोनदा समजावलं होतं.

"आजच? आत्ताच?" तो कुजबुजला. घरात असूनही आवाज चढवायची सोय नव्हती, कारण खिडकी उघडी होती. "कुणी सांगितलं याला आज कर म्हणून?"

"तू."

"मी?"

"हिवाळ्यात त्याने विचारलं होतं, तुम्ही कॉम्प्युटरवर सहसा केव्हा नसता. तू म्हणालास, रविवारी सकाळी. रविवारी सकाळी घरात बसतो तो माणूस कसला, असंही म्हणालास. पण तेवढं लिहायला जागा नव्हती."

उत्तर तर खरंच होतं. रविवारी सकाळी तो अंगणात असायचा.

तेवढ्यात कौलांवर पंख मिटल्याचा तो आवाज आला, जो त्याने झोपेतही ओळखला असता. दोघांनी खिडकीतून वर पाहिलं. ढाबळीच्या आढ्यावर त्यांची कबुतरी, निळी, बसली होती. एकटी. मागच्या गल्लीत गोडलीव्हचा भाऊ नोएल अजून शीळ घालून डबा वाजवत होता, म्हणजे त्याचं एकही आलेलं नव्हतं.

निळी काही तरुण राहिली नव्हती. गेल्या वर्षी तिला सगळे म्हातारी म्हणत. या मोसमात मात्र तिला काय झालं कोण जाणे, दर रविवारी पहिल्या पाचात. आशिल मंडळाच्या खोलीत बिअरचा ग्लास पुढ्यात ठेवून त्यामागचं शास्त्र सांगे: लसणाचं पाणी, उकडलेली बार्ली, आणि मुख्य म्हणजे शिस्त. पाखराने एकच हात ओळखायला हवा. नोएल तेवढं ऐकून छताकडे बघत असे. वर्षाचा करंडक तीन मोसम नोएलच्या कपाटावर होता. आज शेवटची शर्यत होती, आणि निळी इतकी पुढे होती की ती उशिरा आली असती तरी चाललं असतं. तिची वेळ नुसती नोंदली जायला हवी होती. नोंदच झाली नाही, तर सगळा मोसम पाण्यात.

"तार काढून ठेव ना," गोडलीव्ह म्हणाली. "नंतर लाव."

"सील आहे तारेला. काल मंडळातर्फे तुझ्या भावानेच लावलंय. तुटलं की बाद."

"मग ती उतरू दे, नंतर उचलून परत फळीवर ठेव."

"एका शर्यतीत ती पट्टी एक कडं एकदाच वाचते. लबाडी होऊ नये म्हणून."

"कुणी केलं असलं?"

"मीच," आशिल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून तिने हसू दाबलं.

पडद्यावर एकतीस टक्के झाले होते. आशिल आयुष्यभर आढ्यावर रेंगाळणाऱ्या पाखरांना मनातल्या मनात हात जोडत आला होता, उतर बाई, उतर. आज पहिल्यांदाच तो उलटं मागत होता. निळीने एक पाय पुढे टाकला. आशिलने बायकोचा दंड धरला.

"तू बाहेर जा."

"आत्ता आत जा म्हणालास."

"जा आणि नुसती उभी राहा. तो पिवळा रेनकोट घाल. अनोळखी माणूस दिसला की ती खाली येणार नाही."

"म्हणजे मला बघून पाखरं पळतात, असं म्हणायचंय तुला?"

"इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय मी?"

गोडलीव्ह काहीतरी बोलणार होती. तिने खुंटीवरच्या रेनकोटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ते काहीतरी गिळून टाकलं. मग कोट चढवून ती बाहेर गेली.

लख्ख उन्हात ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली. निळीने मान तिरकी केली. आशिल एक डोळा पडद्यावर आणि एक अंगणात ठेवून खिडकीशी उभा होता. अठ्ठावन्न. गोडलीव्हने दोन्ही हात हवेत हलवले, शुक शुक केलं, कोट फडफडवला. साठ.

निळी उतरली. आढ्यावरून थेट खाली, एकही घिरटी न घेता. फळीवर पाय टेकले, पट्टीवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला, आणि स्वयंपाकघरात साठाचे एकसष्ट झाले.

पण ती ढाबळीत शिरली नाही. फळीवरून उडाली ती गोडलीव्हच्या हातावर येऊन बसली, आणि कोटाचा खिसा चोचीने असा चाचपू लागली, जणू तिचंच काही त्यात ठेवलेलं होतं.

आशिल दारात आला. गोडलीव्ह जागची हलली नाही.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"तुझ्या खुब्याच्या ऑपरेशनपासून." तिने पाखराकडे बघतच सांगितलं. "तू म्हणाला होतास, दाणे टाक आणि बाहेर ये, बोलत बसू नकोस. मी तसंच करत होते. पण बाकीची खायची आणि ही नुसती बघत बसायची. हिचं तुझ्यासारखंच आहे, जेवताना समोर कुणीतरी लागतं. मग मी तिथेच माझी कॉफी घेऊन बसायला लागले. तू इस्पितळात, घरात मला तरी कोण होतं?"

"काय द्यायचीस?"

"शेंगदाणे."

"आणि मी घरी आल्यावर?"

"तू दुपारी झोपतोस ना."

आशिल खुर्चीत बसला. त्याला वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं, आणि ते लपवण्याच्या भानगडीत तो पडला नाही. करंडक गेला होता. लसणाचं पाणी गेलं, बार्ली गेली. सबंध मोसमभर तो या खुर्चीत बसून समजत होता, की निळी त्याच्या शिस्तीपायी फ्रान्सपासून छाती फुटेस्तोवर पंख मारत येते. आणि ती येत होती कुणाच्या तरी खिशासाठी, कुणाच्या तरी दुपारच्या गप्पांसाठी. त्याने मनाशी कबूल केलं, की इस्पितळातून घरी येताना गाडीत त्यालाही नेमकी तीच घाई झाली होती.

"मला सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"तू मंडळात इतका छान बोलायचास रे," गोडलीव्ह म्हणाली. "म्हटलं, कशाला."

त्याने हात पुढे केला. तिने खिशातून एक शेंगदाणा काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. निळीने त्याच्याकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि मान परत खिशात घातली.

आत कॉम्प्युटरने सगळं तयार असल्याची छोटीशी धून वाजवली. उठून बघायला कुणी गेलं नाही. पाठोपाठ आशिलचा फोन वाजला. नोएल होता, धापा टाकत.

"माझं पहिलं आत्ता आलं. तुझं आलं का रे? मंडळात तुझी काही नोंद दिसत नाही."

"माझं कुठलं," आशिल म्हणाला. "तुझ्या बहिणीचं आलंय. तुझ्या कितीतरी आधी."

"गोडलीव्हचं? तिने केव्हापासून कबुतरं पाळली?"

आशिलने बायकोकडे पाहिलं. पिवळ्या कोटातली ती पाखरू उडू नये म्हणून हात जराही न हलवता उभी होती, आणि आता नक्कीच अवघडली असणार.

"मलाही आत्ताच कळलं," तो म्हणाला. मग नोएलला थांबायला सांगून तो उठला आणि तिला बसायला आपली खुर्ची नेऊन दिली.