रंगात चिकटलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. पण जी उघडतच नाही तिला खिडकी म्हणायचे की भिंत, या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले.

एका सुताराने मला मन लावून घडवले. दोन झडपा, त्यांना काचा आणि एक पितळी कडी. सकाळी कडी निघाली की खोलीतली शिळी हवा बाहेर जाई, ताजी आत येई. "काय हवेशीर खोली आहे!" असे पाहुणे म्हणत आणि मी आतल्या आत फुलून जाई.

पुढे इथे एक बाई, तिची लहान मुलगी आणि बाईचा भाऊ राहायला आले. हा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, जुन्या खुर्च्या-स्टुले नवी करून देई. दिवसभर पॉलिशपेपरने घासायचे, मग वरून पॉलिशचा हात द्यायचा. भुसा पिठासारखा उडे, पॉलिशचा वास डोळ्यांना झोंबे. पण मी उघडी होते, म्हणून निभावत होते.

एकदा मुलीला सर्दी झाली. "पोरीला वारा लागतोय," असे म्हणून मामाने मला लावून घेतले. सर्दी गेली, पण मी बंदच राहिले. मग भुशाला बाहेरची वाट उरली नाही आणि मुलीचे नाक पुन्हा चोंदले. मामाला वाटले, सर्दीच हटत नाही. त्याने माझ्या फटींत चिंध्या कोंबल्या. मग हौसेने मला रंगही दिला, तोही झडपा न उघडताच! रंग सांध्यांत उतरून सुकला आणि मी चौकटीला जखडले. बाहेर वारा काचेवर थापा मारी, आत ती पोर तोंड उघडे टाकून श्वास घेई. आम्ही दोघीही कोंडलेल्या.

तिला शाळेच्या नाटकात मांजर व्हायचे होते.

"ब्याऊ!" ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली.

"अगं, मांजर आहेस की बकरी?" आई हसली.

मुलगी रडवेली झाली. "बला दीट बोलताच येत दाही! बाईंदी सांगितलंय, असंच राहिलं तर बांजर दुसरीला देणार. बाबा, काहीतरी कर दा!"

"मामा म्हण गं, मामा! एकदम बढती नको देऊस," मामा म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. तो उठला आणि काळजीने आणखी एक चिंधी माझ्या फटीत खुपसली. मला ओरडावेसे वाटले. पण माझी जीभ म्हणजे ती कडी, आणि तीही रंगाखाली बुजलेली!

एके दिवशी गल्लीतल्या डॉक्टरीणबाई पॉलिशला दिलेले आपले स्टूल न्यायला आल्या आणि दारातच शिंकत सुटल्या.

"अहो, जरा खिडकी उघडा!"

"नको बाई, पोरीला वारा लागेल," मामा म्हणाला.

त्यांनी मुलीला जवळ घेऊन तपासले. "ताप नाही, घसाही ठीक आहे. शाळेत कसं असतं गं नाक?"

"सकाळी सरावाला बंद असतं. दुपारी बोकळं होतं. घरी आले की परत बंद."

"मग हिला वारा लागत नाहीये," बाई मामाला म्हणाल्या, "वारा मिळत नाहीये. या भुशाने आणि वासाने नाक आतून सुजतं."

मामाने कडी ओढली. मी हलेना. "अरे देवा, मीच चिकटवली की हिला!" तो पटाशी घेऊन आला आणि त्याने सांध्यातला रंग कापत नेला. माझ्या अंगाचे टवके उडाले, एक ओरखडाही पडला. मग कर्रर्र करून मी उघडले आणि वारा घरच्यासारखा आत शिरला.

तेव्हापासून घासणे आणि पॉलिश मागच्या अंगणात चालते. खोली ओल्या फडक्याने पुसतात. डॉक्टरीणबाईंनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंब काही दिवस मुलीच्या नाकात घालत. रस्त्यावर धूर झाला तर मला लावतात, पण धूर सरताच आठवणीने उघडतात. नाक काही लगेच सुटले नाही, हळूहळू सुटले.

नाटकाच्या दिवशी सकाळी ती माझ्यापाशी आली. "म्याऊ!" बाहेर कुंपणावर बसलेल्या खऱ्या मांजरीने मान वळवली.

"मामा, ऐकलंस का?"

अंगणात मामा घासतच राहिला. मग एकदम दचकून म्हणाला, "अगं, मला हाक मारलीस होय! 'बाबा'चीच सवय झाली होती!"

मित्रांनो, तुमचेही नाक घरी सारखे चोंदत असेल, तर खोलीत काय उडते आहे ते आधी पाहा आणि मोठ्यांना सांगा. आणि माझ्यासारखीला रंगवायचे तर जरूर रंगवा. फक्त आधी उघडा.