बर्फातली रांग

शुवाईनं हत्ती काढायला नकार दिला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

शुवाई झिम्बाब्वेची. हरारेच्या बाजारात आई टोमॅटो विकायची आणि ही पोरगी मागं बसून मक्याच्या पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर चित्रं काढायची. कॅनव्हास कुणी बघितला होता? टोरँटोत वीस वर्षं वृद्धाश्रमाच्या फरशा पुसून कंबर गेली, पण पोतं काही सुटलं नाही. तिथंच, मूळच्या अलिबागच्या फ्लॉरेन्सआंटीच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायची आणि बायका रंगवायची. माणसाएवढ्या उंच, पावासाठी रांगेत उभ्या. अशा बारा झाल्या होत्या.

बावन्नाव्या वर्षी एका गॅलरीवाल्यानं तिला विचारलं. एकटीचं प्रदर्शन, पहिलंवहिलं. तीन दिवस तिचे पाय जमिनीला लागले नाहीत, आंटीनं खाली वाकून बघितलंय. चौथ्या दिवशी तो म्हणाला, बायका राहू देत, हत्ती काढ. मागं लालभडक सूर्य. लोकांना आफ्रिका तशीच लागते.

आता हत्ती म्हणजे शुवाईच्या कुळाची खूण. आपल्यात देवक असतं ना, तसं. त्यांच्यात देवकाचं मांस खात नाहीत, आणि तिची आई म्हणायची, जे खायचं नाही ते विकायचंही नाही. तिनं त्याला हे सगळं नीट समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग जिराफ काढ.

जिराफही नाही म्हटल्यावर प्रदर्शन गेलं.

शुवाई घरी आली ती रडायला नाही. भिंती त्याच्या असतील, अंगण तर आंटीचं आहे ना? तिनं विचारलं, चार दिवस समोरची जागा देता का. आंटी म्हणाली, अगं, तिथं कमरेएवढा बर्फ आहे, मी शोव्हलनं उपसलेलासुद्धा नाही. शुवाई म्हणाली, तोच हवाय.

जानेवारी होता. थंडी अशी की शिंकलं की अंगणात मोती सांडायचे. शुवाईनं पोती बादलीत बुचकळली. रंग तेलाचा, पाण्याला कसला भितोय! बर्फात फळ्या खोचून त्यांवर एकेक पोतं ताणलं. जरा वेळानं सगळी पापडासारखी कडक. मग फळ्या काढून घेतल्या. बाराही बायका आपल्या पायांवर उभ्या, फुटपाथला लागून, एकामागं एक.

रांग बघून सकाळची बस थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं, वाट बघितली, कुणी चढेना. तोच उतरला. मागून अख्खी बस उतरली. दुपारपर्यंत रस्ता भरला. आंटीनं सगळ्यांना चहा दिला, सातव्या बाईलासुद्धा. ती हसली, पण चहा घेतला नाही, एवढंच.

तेवढ्यात गॅलरीवाला आला, लांब कोट घालून. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, हत्ती नको, काही नको, ह्यांना आत आण, अख्खी गॅलरी तुझी.

शुवाईनं बायकांकडं बघितलं. आतल्या हीटरनं त्यांची पुन्हा पोती झाली असती.

"त्या येणार नाहीत," ती म्हणाली. "तुला बघायच्या असतील तर रांगेत ये."

"कुठं?"

"शेवटची दिसते ना? तिच्या मागं."

त्यानं घड्याळ बघितलं. सगळी गल्ली त्याच्याकडं बघत होती. त्यानं कॉलर वर केली आणि जाऊन उभा राहिला.

शुवाई आत गेली, चहा प्यायला. रांग काही लवकर सरकणार नव्हती.