डेल्फिन कारच्या मापाचा पुतळा

आमच्या स्टुडिओत कपडा नटीच्या अंगावर बेतत नसत, तिच्या पुतळ्यावर बेतत. प्रत्येक बड्या नटीच्या मापाचा एक कापडी पुतळा शिवणखात्यात उभा असे, मानेवर तिचं नाव शिवलेलं, आत घट्ट कापूस भरलेला. बाई जाड झाली तर कापूस वाढवायचा नाही, बाईला उपाशी ठेवायचं. "पुतळा खोटं बोलत नाही, इनेस," असं खात्याचे साहेब फेल्डकॅम्प मला ऐकवायचे. त्या मेल्याचं बोलणंच तसलं!

आमची सगळ्यात गाजलेली नटी डेल्फिन कार, तिचा पुतळा माझ्याकडे होता. मासिकांतून छापून यायचं की डेल्फिनने लग्न लावलंय ते फक्त कॅमेऱ्याशी, आणि देशभरच्या पोरी उसासे टाकायच्या. मला ठाऊक होती ती तिच्यातली खरी बर्था, पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगाराची पोर, जी नुसत्या सुपावर राहिल्याचं नाटक करून भिंतीकडे तोंड वळवून माझ्या डब्यातला राजमा आणि मक्याच्या पोळ्या खायची. एका दुपारी खाता खाताच ती रडायला लागली.

"मला दिवस गेलेत," ती म्हणाली. "कुणाचं ते विचारू नकोस. ह्या स्टुडिओवाल्यांना कळलं तर सांगतील, डॉक्टरकडे जाऊन ये आणि सोमवारी कामाला लाग. मागच्या वेळी गेले होते मी. नाव ह्यांचं, दात ह्यांचे, केस उपटून रुंद केलेलं हे कपाळसुद्धा ह्यांचं. एवढं एक तरी माझं राहू दे गं!"

माझा जीव तुटला. चित्रपट संपत आला होता. मग आजारपणाचं निमित्त करून ती बहिणीकडे जाणार होती. तोवर तिचे झगे मी गुपचूप कमरेत सैल करत राहिले. पुतळ्याला अर्थातच हात लावला नाही.

तरी एका सकाळी पुतळ्यावरचं कापड पोटाशी ताणलेलं दिसलं. कुणी चेष्टा केली म्हणावं, तर शिवण माझ्याच हातची, एक टाका उसवलेला नाही. डेल्फिनला दाखवलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. मग तिने एक तळहात पुतळ्याच्या पोटावर ठेवला आणि दुसरा स्वतःच्या.

"काढू का आतला कापूस?" मी विचारलं. "साहेबांनी पाहिलं तर?"

"नाही! शपथ आहे तुला!" ती जवळजवळ किंचाळलीच.

मी पुतळ्यावर चादर टाकली. रोज सकाळी ती चादर पुढून जराशी अधिक उचललेली दिसे.

शेवटच्या प्रसंगाचा झगा बेतायला फेल्डकॅम्प साहेब स्वतः आले. डेल्फिन मी सैल केलेला झगा घालून तिथेच उभी होती. चादर साहेबांनीच ओढली.

"हा काय आचरटपणा? इनेस, म्हातारचळ लागला का तुला?" म्हणत त्यांनी कात्री उचलली.

मी आडवी गेले. डेल्फिनने तर त्यांचा हातच धरला. "तुमच्या पाया पडते, ते तसंच राहू द्या. मी उपाशी राहीन, म्हणाल ते करीन!"

"अहो मिस कार, कापूस आहे तो," साहेब हसले, हात सोडवून घेतला आणि शिवण उसवली. मूठ मूठ कापूस फरशीवर पडू लागला. ती खुर्चीची पाठ धरून उभी होती. ओठ नुसते हलत होते. देवमाते, काय तो चेहरा! शेवटची मूठ निघाली आणि ती सरळ उभी राहिली.

मघापर्यंत पोटाशी नीट बसलेला तो झगा आता तिच्या कमरेभोवती लोंबत होता. साहेबांनी तो मागून चिमटीत धरला, "हा कमरेत आवळून घे," म्हणाले आणि निघून गेले.

मी दार लोटलं, तिचे हात हातात घेतले. "बर्था, दुखतंय का गं? बाळ कसं आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर हसते तशी हसली.

"कुणाचं बाळ, इनेस?"

खाली बसून मी कापूस गोळा करू लागले. थोडा तिच्या टाचेखाली अडकला होता. मी ओढतेय हे पाहून तिने अदबीने पाय उचलला, मला तो काढू दिला, आणि आरशात बघत पुन्हा जागेवर ठेवला.