उषाच्या वडिलांचं नाव

यामिनी मानसशास्त्र शिकली ती माणसांची मनं सावरायला, आणि इंदूरने तिला बसवलं कुठे, तर मुलाखतीत हसायला शिकवण्याच्या क्लासवर! गिरण्या बंद पडत होत्या, नव्या कंपन्यांना हसरे सेल्समन हवे होते. क्लास जोरात चालला होता आणि यामिनीला त्याचा दिवसेंदिवस वीट येत होता.

अशात एका दुपारी बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या अनाथ मुलींच्या आश्रमाचे व्यवस्थापक शंकरराव तिला न्यायला आले. चौदा वर्षांच्या उषाने दात्यांच्या देखत जेवणाची थाळी भिरकावली होती.

"दिमाग सरकलाय तिचा," शंकरराव म्हणाले. "तुम्ही बस लिहून द्या मॅडम, मेंटल हॉस्पिटलात पाठवून मी मोकळा होतो."

उषा अंगणात बसली होती. यामिनी नुसतीच तिच्या शेजारी जाऊन बसली. उषा आपणहून बोलू लागली.

"इथे जेवण कुणाच्या ना कुणाच्या पुण्यतिथीचं असतं, दीदी. पहले हात जोडून त्यांच्या आत्म्याला शांती मागायची, मगच जेवायचं. त्या दिवशी माझ्या बाबांची पण तिथी होती. मी म्हटलं, एक बार त्यांचं पण नाव घेऊ. तर सर म्हणाले, तुझ्या बापाने खाना दिलाय का?"

बाप श्रीराम, मिलमध्ये मागावर होता. मिलला टाळं लागल्यावर फाटकाशी बसून बसून खंगला आणि गेला. उषाला दुसरं कुणी नव्हतं.

यामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ध्या शहराचं कापड विणणाऱ्या माणसाचं नाव घ्यायला यांची जीभ झिजते, आणि वेडी कोण, तर ही पोर!

"मुलगी ठणठणीत आहे," तिने शंकररावांना सुनावलं. "तिला राग आलाय. मलाही आलाय."

"उद्या जेवण देणाऱ्या जयेशजींच्या आईंची पुण्यतिथी आहे," शंकरराव थंडपणे म्हणाले. "पोरीने पुन्हा तमाशा केला, तर एखाद्या डॉक्टरकडून लिहून आणीन."

दुसऱ्या दिवशी यामिनी क्लास बंद ठेवून आली. पानं वाढली. जयेशजी आईच्या फोटोपाशी उभे राहिले. मुलींनी एका सुरात म्हटलं, "स्वर्गीय द्वारकाबाईंच्या आत्म्याला शांती मिळो." उषाचेही हात जोडलेले होते.

यामिनी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "अजून एक नाव राहिलंय. बोल, उषा."

"स्वर्गीय श्रीराम," उषा म्हणाली. "माझे बाबा."

मुलींनी तेही म्हटलं. मग टोकाची एक बारकी पोर म्हणाली, "माझी आई, कमला." तिच्यामागून दुसरी बोलली, तिसरी बोलली. शंकरराव "बस, बस!" करत राहिले, पण त्यांचं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. वरण गार झालं. जयेशजींचे हात मात्र शेवटच्या नावापर्यंत जोडलेलेच राहिले.

"हे रोज कोण निभावणार?" शंकरराव दात-ओठ खात म्हणाले.

"मी," यामिनी म्हणाली. "रोज येते."

उषाने थाळी पुढे ओढली आणि जेवायला लागली.